देवमासे मिळून शिकार करतात का? बुडबुड्यांच्या जाळ्याबद्दल थोडं सविस्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अलास्कातला ड्रोनवरून घेतलेला व्हिडिओ तुम्ही पाहिलात. पाण्यावर बुडबुड्यांचं कडं उमटलं आणि त्याच्या मधोमध दहा-बारा हंपबॅक देवमासे एकदम तोंड वासून वर आले. हे ते ठरवून करतात का? त्यांच्यात कोणी म्होरक्या असतो का? मिळालेली मासळी वाटून घेतात, की काही जण फुकटात हात मारून जातात? सगळ्याच जातींचे देवमासे असं करतात का, आणि आपल्या अरबी समुद्रातल्यांचं काय? शिवाय जुलैत मुलीकडे बोस्टनला येताय, तर हे इथे बघायला मिळेल का?

मी मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरून सुटणाऱ्या व्हेल-वॉच बोटींवर नॅचरलिस्ट म्हणून काम करते. माइकवरून प्रवाशांना माहिती द्यायची आणि त्याच वेळी शेपट्यांचे फोटो काढून कोण कोणाबरोबर होतं, काय करत होतं याची नोंद ठेवायची, असं हे दुहेरी काम आहे. मधले काही उन्हाळे अलास्कातल्या बोटींवरही होते. त्यामुळे उत्तर मुख्यतः या दोन पाण्यांतल्या हंपबॅकबद्दल देईन. बाकीच्या जाती लागतील तशा येतील.

तुमच्या पाचही प्रश्नांच्या मुळाशी मला एकच अडचण दिसते. एका जागी खाणं आणि मिळून शिकार करणं या दोन गोष्टी वरून अगदी सारख्या दिसतात. दहा देवमासे एका ठिकाणी जमले म्हणजे त्यांनी संगनमत केलं असं नाही. मासळी जिथे आहे तिथे दहा जण आपापले पोचले, एवढंच त्यातून कळतं. आणि ड्रोनचा व्हिडिओ खोटा नसला तरी वेचलेला असतो. ज्या पन्नास डुबक्यांत काहीच झालं नाही त्या कोणी टाकत नाही. शिवाय ड्रोनला दिसतो पाण्याचा फक्त वरचा थर, आणि शिकारीचा बराचसा भाग त्याच्याखाली घडतो. म्हणून ‘हे सहकार्य आहे का’ असं कोणी विचारलं की मी आधी उलटा प्रश्न करते: खात काय होते?

बोटीवर आमचा हाच क्रम असतो. कॅप्टनच्या केबिनमध्ये फिश फाइंडरचा पडदा असतो. त्यावर मासळी तळाला चिकटलेली आहे, मधल्या पाण्यात आहे की वर आली आहे, दाट आहे की विरळ, हे बघितलं की देवमासे आज एकेकटे असतील की जोडीने, याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. चुकतोही, पण देवमाशाच्या ‘स्वभावा’वरून बांधलेल्या अंदाजापेक्षा कमी.

कारण त्यांच्या तोंडाच्या रचनेत आहे. हंपबॅक, ब्लू, फिन, ब्राइड्स या सगळ्यांना दात नसतात. वरच्या जबड्यातून बलीनच्या, म्हणजे नखासारख्या लवचीक पदार्थाच्या, पट्ट्यांची झालर लोंबते. हनुवटीपासून बेंबीपर्यंत गळ्याखाली चुण्या असतात. देवमासा वेगाने पुढे झेप घेतो, तोंड उघडतो, त्या चुण्या फुगतात आणि हजारो लिटर पाणी मासळीसकट आत येतं. मग पाणी झालरीतून बाहेर सोडायचं आणि अडकलेलं गिळायचं. या एका झेपेला प्रचंड ताकद लागते. त्यामुळे त्या घासात भक्ष्य दाटीने असणं हा सगळा हिशोब आहे. विरळ मासळीवर झेप घेणं तोट्याचं.

आता भक्ष्य जर आपोआपच दाट असेल आणि पळून जाऊ शकत नसेल तर सोबतीची गरज काय? अंटार्क्टिकात क्रिलचे, म्हणजे कोळंबीसारख्या इवल्या जीवांचे, अवाढव्य थवे असतात. एलिफंट आयलंडजवळ २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी सुमारे १५० फिन व्हेल एकाच जागी खाताना चित्रित केले. डोळे दिपवणारं दृश्य, पण ती मुख्यतः गर्दी. प्रत्येकाला पुरून उरेल एवढं अन्न तिथे होतं. दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर २०११ पासून हंपबॅकचे २० ते २०० जणांचे जमाव नोंदले गेले आहेत. तेही असेच, दाट अन्नावर जमलेले.

आमच्याकडे वसंतात केप कॉडच्या उपसागरात नॉर्थ अटलांटिक राइट व्हेल येतात. यांची खाण्याची पद्धत वेगळी. झेप नाही, तोंड उघडं ठेवून संथपणे पोहायचं आणि कोपेपॉड नावाचे तांदळाच्या दाण्याएवढे तरंगते जीव गाळत राहायचं. कधी कधी चार-पाच जण एकमेकांच्या जरा मागे, तिरक्या रांगेत पोहतात. पुढच्याच्या बाजूने निसटणारं मागच्याच्या तोंडात जावं, अशी ती मांडणी असते. हिला सहकार्य म्हणायचं का? मी अर्धवट ‘हो’ म्हणेन. रांग तासाभरात मोडते आणि पुन्हा तीच माणसं (माणसंच म्हणते मी त्यांना, सवय झाली आहे) तशीच उभी राहतील याची खात्री नसते.

हेरिंगची गोष्ट मात्र पूर्ण वेगळी. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीचा नातेवाईक. चपळ, आवाज उत्तम ऐकणारा, आणि धोका दिसला की थव्याने दिशा बदलणारा. एकट्या देवमाशाने त्याच्या मागे धावायचं तर थवा फुटतो आणि तोंडात पाणीच येतं. अशा पळपुट्या भक्ष्यापुढेच गट उपयोगी ठरतो. तुमचा व्हिडिओ अलास्काचा आहे, उन्हाळ्यातला आहे आणि कड्यात चंदेरी मासे उडताना दिसले म्हणता. म्हणजे ती हेरिंगच असण्याची शक्यता मोठी.

आग्नेय अलास्कात चॅथम सामुद्रधुनी आणि फ्रेडरिक साउंड या भागांत हे गट दिसतात. बहुधा एकच देवमासा खाली जाऊन थव्याभोवती गोल फिरत नाकपुड्यांतून हवा सोडतो. बुडबुड्यांची भिंत वर चढत जाते. हेरिंग ही भिंत ओलांडत नाही. फ्रेड शार्प आणि लॉरेन्स डिल या संशोधकांनी पॅसिफिक हेरिंगच्या थव्यांसमोर कृत्रिम बुडबुडे सोडून हे तपासलं आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध केलं. बुडबुड्यांच्या पडद्यापलीकडे मोकळं पाणी असूनही मासे तो पडदा टाळतात. बाकीचे देवमासे या वेळी खालून आणि बाजूंनी थवा दाबत असतात. हंपबॅकचे हात, म्हणजे पुढचे पर, अंगाच्या जवळजवळ एक तृतीयांश लांबीचे असतात आणि खालून पांढरे. ते फिरवून थव्याला वळवणं त्यांना चांगलं जमतं.

आणि मग आवाज. हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा माइक, सोडलेला असेल तर स्पीकरवर एक लांबलचक, एकसुरी हाक येते, साधारण ५०० हर्ट्झची. माणूस सहज गाऊ शकेल अशा पट्टीतली. ती पुन्हा पुन्हा येते, चढत जाते, आणि थांबली की काही क्षणांत सगळे एकदम पाण्याबाहेर. बोटीवरच्या लोकांना आम्ही सांगतो, हाक थांबली की कॅमेरा धरा.

इथेच ‘म्होरक्या’चा प्रश्न येतो. हाक देणारा एक, म्हणजे तोच हुकूम सोडणारा, असं वाटणं साहजिक आहे. मलाही ते चित्र आकर्षक वाटतं. पण २०१८ मध्ये अलास्कातल्या संशोधकांनी एक नोंद प्रसिद्ध केली: आसपास दुसरं कोणीही नसताना, एकट्याने शिकार करणारे हंपबॅकही हीच हाक देतात. हुकूम ऐकणारं कोणी नसेल तर हाक कोणासाठी? उत्तर सरळ आहे, माशांसाठी. हेरिंगला तो आवाज ऐकू जातो आणि थवा बिचकून आवळतो. गटात असताना तीच हाक बाकीच्यांना वेळ साधायलाही उपयोगी पडत असणार, पण तिचं मूळ काम मासे हाकणं असावं, असं आता मी प्रवाशांना सांगते.

म्हणून माझं उत्तर असं की कामं वाटलेली असतात, हुकूमत नसते. बुडबुडे सोडणारा बहुतेक वेळा तोच तो असतो. वर येताना कोण कोणाच्या डाव्या-उजव्या बाजूला असतो तेही पुन्हा पुन्हा सारखं दिसतं. शेपटीच्या खालच्या बाजूचे काळे-पांढरे पट्टे प्रत्येकाचे निराळे असल्यामुळे हे फोटोवरून ताडता येतं. तेच चेहरे एकाच गटात पुढच्या उन्हाळ्यातही भेटतात. हे कुटुंब नसतं. हंपबॅकचं पिल्लू सुमारे वर्षभर आईबरोबर राहतं, मग सुटतं. चरायची जागा तेवढी आईकडून घेतलेली, म्हणून पुढे वर्षानुवर्षं त्याच पाण्यात येत राहतं.

आणि हेही नोंदवून ठेवा, की अलास्कातले बहुसंख्य हंपबॅक हे गटाचं काम करतच नाहीत. थोडेच त्यात मुरलेले असतात. बाकीचे एकेकटे क्रिल खातात. त्यातलेही काही एकट्यानेच बुडबुड्यांचं जाळं विणतात. २०२४ मध्ये आलेल्या एका अभ्यासात हे एकांडे देवमासे वेढे किती, बुडबुड्यांमधलं अंतर किती, हे बदलत असल्याचं दिसलं. एका झेपेत त्यामुळे जास्त क्रिल येतं आणि जास्तीचा दम लागत नाही. थोडक्यात, बुडबुड्यांचं कडं दिसलं म्हणून सहकार्य सिद्ध होत नाही. कडं हे हत्यार आहे. ते एकट्यानेही वापरता येतं.

आता वाटणीबद्दल. मालवणकडे रापण ओढताना तुम्ही पाहिली असेल. दोन्ही दोरांना माणसं लागतात, जाळं किनाऱ्याला लागलं की वाटे पडतात, होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, आणि दोराला हात लावणाऱ्यालाही काही ना काही मिळतं. देवमाशांचं जाळं ओढण्यापर्यंत रापणीसारखं आहे, वाट्यांच्या बाबतीत मुळीच नाही. कड्यात ज्याचं तोंड जिथे उघडलं तिथे जे आलं ते त्याचं. एकदा तोंड मिटलं की दुसऱ्याला देण्यासारखं काही उरतच नाही. हजारो लिटर पाण्यातल्या छोट्या माशांचे तुकडे करून वाढणार कसे? म्हणजे न वाटण्यामागे स्वार्थ शोधायला नको. तोंडच तसं आहे.

मग बुडबुडे सोडणाऱ्याला काय मिळतं? हाच प्रश्न जीवशास्त्रज्ञांनाही पडतो. मला पटणारं उत्तर असं: प्रत्येक जण आपल्याच पोटासाठी धडपडतो, पण पळणाऱ्या हेरिंगच्या बाबतीत सगळ्यांनी एका वेळी धडपड केली तर प्रत्येकाचा घास एकट्यापेक्षा मोठा होतो. त्याग नाही, उपकार नाही, परतफेडीचा हिशोबही ठेवावा लागत नाही. बुडबुडे सोडणारा सोडून गेला तर त्याचंच नुकसान जास्त. अशी व्यवस्था टिकायला प्रेम लागत नाही, ओळख मात्र लागते. शेजारी कधी झेपावणार, कुठे वळणार हे माहीत नसेल तर तीस-तीस टनांची धुडं एकमेकांवर आदळतील. जुने साथीदार एकत्र राहतात त्याचं एक कारण मला हेच वाटतं.

फुकटे असतात का? असतात. आमच्या पाण्यात एकाने कडं केलं आणि दुसराच त्यात तोंड घालून गेला, असं दिसतं. पण याहून सरळ उदाहरण नॉर्वेचं आहे. तिथे हिवाळ्यात ऑर्का, म्हणजे किलर व्हेल, हेरिंगचा थवा फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधल्या अरुंद खाडीत, गोल फिरवत आवळतात, शेपटीच्या फटक्याने काही मासे बधिर करतात आणि एकेक करून खातात. सगळी मेहनत झाल्यावर हंपबॅक येतात आणि त्या आवळलेल्या थव्यात खालून तोंड उघडून शिरतात. ऑर्कांनी तासभर राखलेलं एका घासात गडप. याला मी सहभोजन म्हणणार नाही.

ऑर्कांचा विषय निघालाच आहे तर, खरी वाटणी बघायची असेल तर ती त्यांच्यात बघावी. ते डॉल्फिनच्या कुळातले, दात असलेले. त्यांचं भक्ष्य एक एक सुटं असतं, तोडता येतं, दुसऱ्यापुढे धरता येतं. अमेरिका-कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे सामन मासे खाणारे ऑर्का आयुष्यभर आईच्या कुटुंबात राहतात. मोठ्या माद्या पकडलेला सामन पिल्लांबरोबर, जवळच्या नात्यातल्यांबरोबर वाटून घेतात. मोठे नर या बाबतीत हात आखडता घेतात. विणीचं वय उलटलेल्या आज्या कळपाच्या पुढे असतात, आणि सामन कमी असलेल्या वर्षी तर जास्तच. हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आकड्यांनिशी दिसलं. तेव्हा ‘म्होरक्या’ हा तुमचा शब्द ऑर्कांच्या बाबतीत चालेल, आणि तो म्होरक्या म्हातारी आजी असते.

इथवरचं जरा गोळा करते. गर्दी हा सहकार्याचा पुरावा नाही, बुडबुड्यांचं कडंही नाही. तेच देवमासे, त्याच जागा, तीच कामं पुन्हा पुन्हा दिसली आणि भक्ष्य एकट्याच्या आवाक्याबाहेरचं असलं, तर मी सहकार्य म्हणते. तुमच्या व्हिडिओतल्या अलास्काच्या गटांना हे लागू पडतं.

आता माझ्या घरच्या पाण्याकडे येते, कारण बोस्टनला तुम्हाला हेच दिसणार आहे. मॅसॅच्युसेट्स उपसागराच्या तोंडाशी, केप अॅन आणि केप कॉड यांच्या मधे, स्टेलवॅगन बँक नावाचा पाण्याखालचा वाळूचा उंचवटा आहे. १९९२ पासून ते राष्ट्रीय सागरी अभयारण्य आहे. वर फक्त काही दहा मीटर पाणी, बाजूंना खोल. भरती-ओहोटीचे प्रवाह या उंचवट्यावर आदळतात, खालचं थंड पाणी वर येतं आणि त्याबरोबर सगळी अन्नसाखळी. इथला मुख्य घास म्हणजे सँड लान्स, वितीहून लहान, निमुळता मासा. दिवसा वरच्या पाण्यात थव्याने फिरतो, धोका वाटला किंवा रात्र झाली की वाळूत घुसून बसतो.

भक्ष्य बदललं की पद्धत कशी बदलते ते इथे फार छान दिसतं. रात्री हंपबॅक तळाशी जाऊन कुशीवर वळतात आणि जबडा वाळूला घासत सँड लान्स उकरतात. इथल्या कित्येकांच्या जबड्याची कातडी त्यामुळे सोललेली असते, बहुतेकांची उजव्या बाजूची. बोटीवरून ती खूण दिसते. त्यांच्या पाठीवर चिकटवलेल्या नोंदयंत्रांवरून एक गोष्ट कळली: तळाशी चरताना ते दोन ठोक्यांचा एक जोडआवाज काढतात, आणि तोही जवळपास दुसरा देवमासा चरत असेल तेव्हा. २०१४ मध्ये हे छापून आलं तेव्हा वर्तमानपत्रांनी ‘जेवणाची घंटा’ म्हणून मथळे दिले. मी इतकं पुढे जात नाही. अंधारात, गढूळ पाण्यात एकमेकांचा ठावठिकाणा कळण्यापुरतं ते पुरेसं आहे. पण शेजाऱ्याला आवाजावरून मासळीची जागा कळत असेल, तर घंटा वाजवणाऱ्याच्या मनात आमंत्रण असो नसो, परिणाम तोच.

दिवसा वरच्या पाण्यात बुडबुड्यांची कडी. इथे अलास्कासारखे दहा-बारांचे गट आणि ती लांब हाक अपेक्षू नका. एक, दोन, कधी चार-पाच जण. आणि एक खास इथलीच लकब. देवमासा आधी शेपटीने पाण्यावर एक ते चार फटके मारतो, मग त्या जागेखाली जाऊन कडं करतो आणि वर येतो. आम्ही त्याला किक-फीडिंग म्हणतो.

या फटक्याचा इतिहास माहीत असलेला आहे, आणि तुमच्या ‘ठरवून करतात का’ या प्रश्नाला तो सगळ्यात जवळचा. १९८० मध्ये या भागात एका हंपबॅकला पहिल्यांदा असं करताना नोंदलं गेलं. त्याच सुमारास इथली हेरिंग कोसळली होती आणि सँड लान्स वाढला होता. म्हणजे जुनं अन्न गेलं, नवं आलं, आणि कोणीतरी नवी युक्ती काढली. पुढे ती पसरत गेली. २००७ पर्यंत इथल्या नोंदलेल्या हंपबॅकपैकी ३७ टक्के ती वापरताना दिसले होते. सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या जेनी अॅलन आणि सहकाऱ्यांनी २७ वर्षांच्या नोंदी घेऊन तपासलं की कोण कोणाच्या संगतीत किती होतं आणि कोणी युक्ती केव्हा उचलली. २०१३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात निष्कर्ष आला: ज्यांची उठबस युक्ती जाणणाऱ्यांत जास्त, त्यांनी ती लवकर उचलली. निव्वळ अन्न आहे म्हणून प्रत्येकाने आपापली शोधली, असं मानलं तर नोंदी जुळत नाहीत.

या नोंदी कुठून आल्या? व्हेल-वॉच बोटींवरच्या नॅचरलिस्ट मंडळींच्या वह्यांतून. थंडीत कुडकुडत, पर्यटकांच्या प्रश्नांना उत्तरं देता देता लिहिलेल्या. या धंद्यातल्या माणसाला याचा थोडा अभिमान वाटला तर समजून घ्या.

असंच पसरणं कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटाच्या ईशान्येलाही नोंदलं आहे. तिथे २०११ पासून काही हंपबॅक पाण्याच्या पृष्ठभागाशी तोंड उघडून नुसते थांबतात. समुद्रपक्ष्यांच्या माऱ्याला भ्यालेली छोटी हेरिंग आडोसा म्हणून त्या तोंडातच शिरते. हेरिंग विरळ असते तेव्हाच हे चालतं. दाट असली की तेच देवमासे झेप घेतात. एकच प्राणी, दोन पद्धती, ठरवणारी मासळी.

संगतीचा मुद्दा आणखी एका ठिकाणी फार स्पष्ट दिसतो. कॅनडात सेंट लॉरेन्सच्या आखातात हंपबॅकच्या काही माद्या हिवाळ्यात विखुरतात आणि उन्हाळ्यात पुन्हा त्याच मैत्रिणीबरोबर चरताना सापडतात. ओळीने सहा-सहा वर्षं. साधारण एकाच वयाच्या, आणि मायलेकी नव्हेत. ज्यांची संगत जास्त टिकली त्यांना पिल्लंही जास्त झाली. संशोधक क्रिस्टियान रँप यांच्या २०१० मधल्या अभ्यासातलं हे निरीक्षण. तिथले गट दोघी-तिघींचेच असतात, कडं-हाक असलं नाट्य नसतं, म्हणून त्याचे व्हिडिओ फिरत नाहीत. पण ‘देवमासे मिळून खातात का’ याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. एका दिवसाचं दृश्य आणि सहा वर्षांची सोबत यांत मी सोबतीला जास्त वजन देईन.

अरबी समुद्राबद्दलही तुम्ही विचारलंत. तिथले हंपबॅक जगावेगळे आहेत. बाकीचे उन्हाळ्यात थंड पाण्यात खातात आणि हिवाळ्यात उबदार पाण्यात जवळजवळ उपाशी राहून वितात. आमचे स्टेलवॅगनवाले कॅरिबियनला जातात, अलास्कातले हवाईला. अरबी समुद्रातले कुठेच जात नाहीत. खाणं, गाणं, विणं सगळं त्याच समुद्रात. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे ओमानच्या किनाऱ्याजवळ खालचं थंड, सकस पाणी वर येतं, त्यावर त्यांचं भागतं. २०१७ च्या नोव्हेंबरात ओमानमध्ये उपग्रह-टॅग लावलेली ‘लुबान’ नावाची मादी समुद्र ओलांडून गोव्याच्या बाजूला आली आणि किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेकडे उतरली. म्हणजे आपल्या किनाऱ्याशी त्यांचा संबंध नोंदींनिशी दिसलेला आहे.

पण त्यांच्याकडून अलास्कासारख्या गटाची अपेक्षा करू नये, कारण तेवढे देवमासेच नाहीत. ओमानच्या किनाऱ्यालगतचा अंदाज ८२ च्या आसपासचा होता. १९६६ च्या नोव्हेंबरात सोव्हिएत जहाजांनी बेकायदा शिकार करून ओमान, पाकिस्तान आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या पाण्यात दोनशेहून जास्त हंपबॅक मारले. जो समूह आधीच लहान आणि बाकी जगापासून तुटलेला, त्यातून एवढे गेले की संगत, सवयी, कोणाला काय जमत होतं, तेही गेलं असणार. हे माझं अनुमान आहे, पण वर सांगितलेल्या फटक्याच्या गोष्टीनंतर ते तुम्हालाही फार लांबचं वाटू नये.

कोकणच्या किनाऱ्यावर वाहून आलेल्या मोठ्या देवमाशांच्या बातम्यांत ब्राइड्स व्हेलचं नाव पुष्कळदा येतं. ते बहुधा एकेकटे किंवा मायलेकरू असे फिरतात. त्यांचेच भाऊबंद थायलंडच्या आखातात डोकं पाण्याबाहेर काढून, खालचा जबडा पृष्ठभागाशी टेकवून उभे राहतात आणि छोटे मासे तोंडात ओघळू देतात. २०१७ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आईबरोबरची पिल्लंही तसं करताना आढळली. तेव्हा ‘सामाजिक’ म्हणजे मोठा गटच हवा असं नाही. आई आणि पिल्लू एवढीही शाळा पुरते.

आता तुमची बोस्टनची फेरी. जुलै चांगला महिना आहे. एप्रिल ते ऑक्टोबर हंपबॅक इथे असतात. खाताना दिसतील का हे त्या आठवड्यातल्या सँड लान्सवर अवलंबून आहे. एखाद्या वर्षी मासळी स्टेलवॅगन बँकेच्या दक्षिण टोकाला असते, एखाद्या वर्षी उत्तरेला, एखाद्या वर्षी भलतीकडेच. म्हणून तिकीट आठवडाभर आधीच काढून ठेवू नका, जमल्यास दोन-तीन दिवस आधी कंपनीच्या पानावरच्या ताज्या नोंदी वाचा आणि मग काढा. बोस्टन, ग्लॉस्टर, प्रॉव्हिन्सटाउन अशा ठिकाणांहून बोटी सुटतात, आणि त्या दिवशी मासळी कुठे आहे त्यावर कुठून जवळ पडेल ते ठरतं.

बोटीवर वरच्या डेकवर उभे राहा. पक्षी एका जागी घिरट्या घालताना दिसले की तिकडे डोळा ठेवा. पाण्यात फिकट हिरवं वर्तुळ उमटलं की मधल्या तोंडांवर तर नजर जाईलच, पण मुलीला एक काम द्या: वर आलेले किती आणि त्यांच्या जागा कोणत्या, याचे फोटो प्रत्येक वेळी त्याच बाजूने काढायचे. तीन-चार वेळा खाणं दिसलं तर ते फोटो शेजारी ठेवून बघा, उजवीकडचा उजवीकडेच येतो का. देवमाशांची नावं बोटीवरच्या नॅचरलिस्टला विचारा, आम्हाला ती पाठ असतात आणि कोणी विचारलं की आवडतं. जाड जॅकेट जुलैतही लागतं. बोट लागत असेल तर गोळी बोट सुटायच्या अर्धा तास आधी घ्या. मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग होत नाही.